चिपला आई ऐकू येईना

आमच्या लालबागच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. बाबांचे कान मिलमधल्या मागांनी नेले. पुढे ते ओठ वाचून भागवत. परळच्या हॉस्पिटलात आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि तेही बंद झालं. ती आत काहीतरी पुटपुटायची. बाबा मला विचारायचे, "गो, काय म्हणता ती?" मी कान लावला की आई नको म्हणून मान हलवायची. तिला ते बाबांनाच सांगायचं होतं.

माझं काम अशा चिपांवर, ज्यांची आतली जोडणी नंतरही बदलता येते. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारं न्यूरल नेटवर्क मी बाबांसाठी अशाच एका चिपवर बसवत होते. आता घाई केली. बोर्ड, बॅटरी, मायक्रोफोन, डॉक्टरांची परवानगी. एकेकावर खूण करत गेले. दुपारी मायक्रोफोन आईच्या उशाशी ठेवला, इयरफोन बाबांच्या कानात.

"बाबा, येतंय ऐकू?"

ते दचकले. "वरडतंस कित्याक?"

"ताई, जिंकलीस!" भाऊ म्हणाला.

मग आई बोलली. बाबांचा चेहरा कोराच.

चूक लगेच कळली. नेटवर्क चिपवर मावावं म्हणून त्यातले आकडे ठोकळ करावे लागतात. मोठ्यात मोठा आवाज किती, लहानात लहान किती, हे आधी नमुने ऐकवून ठरतं. वेग मिळावा म्हणून मी ते माप जोडणीतच पक्कं केलं होतं. आणि नमुने घेतले होते आमच्या घरात. सगळे ओरडलेले. आईची कुजबुज त्या मापाच्या खाली गेली. चिपने ती शून्य धरली. मायक्रोफोनचा जोर वाढवून पाहिला, तर नुसता मास्कमधल्या हवेचा फसफसाट.

आईचा श्वास नमुन्यांवर खर्चायचा नव्हता. भावाला बाहेर नेलं.

"कुजबुज."

"काय बोलू?"

"हळू रे!"

"हळूच बोलतोय की!" सिस्टरने वळून पाहिलं.

शेवटी शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेला विनवलं. तिने हळू आवाजात पेपर वाचून दिला. नवं माप घेतलं आणि लॅपटॉपवर जोडणी नव्याने बांधायला लावली. त्याला काही तास लागतात. तिथे घाई करून उपयोग नसतो.

बाबा थांबेनात. त्यांनी मास्क खाली ओढला. आईचे ओठ हलले, मॉनिटर किंचाळला. मी त्यांचा हात धरून मास्क परत बसवला.

"अर्धाच कळला," बाबा म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, झोपेचं औषध देऊन घशात नळी घालावी लागेल, मग त्यांना बोलता येणार नाही.

"थोडं थांबता येईल?"

"नाही."

आईला आत, अतिदक्षता विभागात नेलं. जोडणी त्यानंतर पूर्ण झाली. चिपवर चढवली, इयरफोन बाबांच्या कानात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी हळू बोलले.

"बाबा, आता चालतंय."

त्यांनी ऐकलं. आत नेलेल्या खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "मगे तिका बोलूक सांग."