वाणाचे चिमटे

नेदरलँड्समधल्या आमच्या आर्नहेमच्या घरी दर संक्रांतीला हळदीकुंकू होतं. तिथीपेक्षा आम्ही रविवार पाळतो, कारण ब्रेडाहून, वाखनिंगनहून बायका यायच्या म्हणजे ट्रेनचं बघावं लागतं. सवाष्ण, कुमारिका असले भेद मी ठेवलेले नाहीत. लग्न झालेली, न झालेली, नवऱ्याला सोडून आलेली, सगळ्यांना बोलावते आणि हे चारचौघींत जरा मिरवतेही. मिरवायला काय जातं!

या वर्षी मी शेजारणीलाही बोलावलं. ती भिंतीपलीकडच्या घरात राहते, माझ्यापेक्षा बरीच मोठी आहे. तिच्या देशात ती दातांची डॉक्टर होती. इथे परीक्षा देऊन पुन्हा डॉक्टर व्हायच्या खटपटीत आहे. त्या देशावर लष्कराचं राज्य आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिचे आईवडील अजून तिथेच आहेत. नाव न घेण्याचं माझं एवढं एकच कारण खरं आहे.

तिच्या धाकट्या भावाला लष्कराने घरातून उचलून नेलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि एका मोर्चात चालला होता, एवढाच गुन्हा. तो कुठल्या तुरुंगात आहे, मुळात आहे की नाही, हे कुणी सांगत नाही. इकडे माझी ट्रेन रखडली की माझ्या मुलीला शाळेतून हीच घरी आणते, तिला गरम सूप देते. दोघींच्या डचमध्ये गप्पा चालतात. मुलगी माझ्याशीही डचमध्येच बोलते, पण तो राग वेगळा.

संध्याकाळी ती चहाला आली आणि बातम्या लागल्या की मला चेव यायचा. इथलं सरकार तिच्या देशाबद्दल तीव्र चिंता व्यक्त करायचं आणि तिथून माल आणत राहायचं. आपलं सरकार तर चिंतेचीही तसदी घ्यायचं नाही. "सगळे मिठाची गुळणी धरून बसलेत," असं मी इंग्रजीत कसंबसं समजावून सांगायची. ती माझ्याकडे कौतुकाने बघायची. आपल्याला एक धीट शेजारीण मिळाली आहे, असं तिला वाटत असावं. मलाही वाटत होतं.

हळदीकुंकवाला ती तिच्याकडचा भरजरी झगा घालून आली. कपाळ पुढे करून कुंकू लावून घेतलं. या वर्षी मी वाण म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले होते, रंगीत दोऱ्याने जुड्या बांधून. दर वर्षी डबे लुटून कंटाळा आला होता.

"अगं, इथे ऊन कुठाय चिमटे लावायला?" वाखनिंगनची मैत्रीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

तिळगूळ देताना काय म्हणायचं, असं शेजारणीने विचारलं. मी अर्थासकट सांगितलं. हे घ्या आणि गोड बोला. तिने ते आमच्या मराठीत दोनदा म्हणून पाहिलं, छान जमलं. मग कापडी पिशवीतून तिने फोटो काढले आणि टीपॉयवर मांडले. तरुण मुलं, एक म्हातारे गृहस्थ, दोन बहिणी. सगळे गायब झालेले. वर भूगोलाचा मास्तर, हसरा, कपाळावर केस आलेला.

"बुधवारी आमचा मंत्री हेगला येतोय," ती म्हणाली. "इथलं सरकार त्याला जेवण देणार आहे. आम्ही समोरच्या रस्त्यावर फोटो धरून उभे राहणार. माझ्याकडे फोटो जास्त आहेत, माणसं कमी. मला फक्त हात हवेत. घोषणा द्यायच्या नाहीत, बोलायचंही नाही. एकेक फोटो धराल का?"

मग एकीने साडीची निरी सारखी केली. "आमचं पर्मनंट रेसिडेन्सचं अॅप्लिकेशन चालू आहे गं," ती मला मराठीत म्हणाली. "कुणी व्हिडिओ काढला तर?" दुसरी म्हणाली, "आपण इथे पाहुणे आहोत, कशाला उगाच!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घर माझं, पाहुणी माझी. शेजारीणही माझ्याकडेच बघत होती, पण वेगळ्या आशेने.

मी हसले. खरंच हसले. तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "आज नाही हं. आजच्या दिवशी फक्त गोड बोलायचं असतं. आमची पद्धत आहे."

खोलीतल्या सगळ्याजणी सुटल्यासारख्या हसल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, तिळगूळ तोंडात टाकला, छान आहे म्हणाली आणि फोटो गोळा केले. भावाचा फोटो तिने झग्याच्या बाहीने पुसला. त्यावर तिळाचा कण पडला होता. जाताना मी तिला चिमट्यांची जुडी दिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं तेव्हा मी चहाचे कप उचलत होते.

बुधवारी मला सुट्टी असते. मुलीचा पोहण्याचा क्लास होता. तो दर बुधवारी असतो; एक चुकला असता तर ती बुडाली नसती. मी हेगला गेले नाही. पाण्याच्या कडेला बसून ओल्या टॉवेलांचा वास घेत राहिले आणि स्वतःला सांगत राहिले की एका माणसाने काय फरक पडतो. हेच वाक्य सरकारांच्या तोंडी असतं तर मी टीव्हीसमोर थयथयाट केला असता.

संध्याकाळी तिने बेल वाजवली. वाऱ्याने तिचं नाक लाल झालं होतं. मुलीचा हातमोजा तिच्याकडे राहिला होता, तो द्यायला आली होती.

"कसं झालं?" मी विचारलं. न विचारून चाललं नसतं.

"मंत्र्याची गाडी मागच्या दाराने गेली. माणसं थोडीच आली होती, हात कमी पडले. मग आम्ही कुंपणाला दोरी बांधली आणि तुझ्या चिमट्यांनी फोटो लावले. एवढा वारा, पण एकही उडाला नाही. फार चांगले चिमटे आहेत." हातमोजा मला देत म्हणाली, "भावाला मात्र मी हातातच धरलं होतं."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. ती मनापासून आभार मानत होती.

"अजून आहेत का? शनिवारी पुन्हा जाणार आहोत. तिकडून आणखी फोटो आलेत."

होते. मी आत धावले आणि उरलेल्या सगळ्या जुड्या आणून तिच्या पिशवीत भरल्या, इतक्या लगबगीने की मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

आता शेजारीण दर शनिवारी जाते. चिमटे कमी पडले की भिंतीपलीकडून येऊन मागते, म्हणून मी ते घरात आणूनच ठेवते. हात मात्र तिने पुन्हा मागितले नाहीत, आणि मीही ते आपणहून पुढे केलेले नाहीत.