आतोबांनी वरून दिलेल्या पाच पिना

आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात कुणाला मोजून तेवढंच असं काही दिलं नाही, शिव्यासुद्धा नाहीत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गावाचं नावच वरवट बकाल, सकाळी स्वतःच्या मळ्यातली वांगी आणि मग दिवसभर कापसाच्या जिनात लोखंड कातायच्या लेथवर मिस्त्री. बाजारात त्यांच्याकडे शंभर वांगी मागा, वर पाच पडायचीच. कुणाचा पंप दुरुस्त करायला गेले, तर जाता जाता त्याच्या बैलगाडीचा आस, दाराची कडी आणि सासऱ्याचा चष्माही नीट करून येत. मी एकदा म्हणालो, "आतोबा, अशानं धंदा होतो का हो?" तर म्हणाले, "मोजून तेवढंच परक्याले देतेत बे. आपल्या मानसाले वरून पाच द्याच लागतेत." आणि त्यांच्या हिशेबी परका माणूस अजून जन्माला यायचा होता.

यंत्रांशी ते बायामाणसांशी बोलावं तसं अदबीनं बोलत. लेथ सुरू करण्याआधी तिला तेल पाजून विचारत, "झाली काय झोप, माय?" जिनाचे मॅनेजर 'अर्जंट आहे' म्हणाले, की आतोबा आधी चहा मांडत. "घाईचं काम हाय नं? मंग सावकाश करू द्या, दुसऱ्यांदा कराले टाइम नाई." पण एकदा कामाला हात घातला, की केसाचासुद्धा फरक खपवून घेत नसत. मापात बसला नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या हातचा पंपाचा नवा कोरा बुश उकिरड्यावर फेकलेला मी पाहिला आहे.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी एका विमान कारखान्यात कारकून होतो. लढाईची चिन्हं दिसत होती. हवाई दलाची सहा विमानं आमच्या दारात उभी. पंखांखाली इंधनाच्या जादा टाक्या बसवून दहा दिवसांच्या आत परत हवीत, असा हुकूम. आमच्या सगळ्या लेथ आधीच्या कामात अडकलेल्या, आणि टाक्या धरून ठेवणाऱ्या साठ पोलादी पिना करायच्या बाकी. हवाई दलाचे तपासनीस साहेब आणि आमचे इंजिनिअर एकाच टेबलाशी बसून बाहेरचा कारागीर शोधत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे आतोबा करतील." आतोबांनी केलेली नमुन्याची पिन आली, साहेबांनी ती भिंगाखाली तासभर फिरवली, आणि साठांपुरतं पोलाद वरवटला रवाना झालं.

पाचव्या दिवशी आतोबा स्वतः हजर. डोक्यावर वांग्याची टोपली, तिच्यात धोतराच्या फडक्यात पिना. साहेबांनी मोजल्या. पासष्ट! साठांवर नंबर होते, पाच कोऱ्या.

साहेब साताऱ्याकडचे, आवाज न चढवता बोलणारे. "मिस्त्री, पोलाद साठांचं दिलं होतं. या पाच कुठून आल्या?"

"वरून हायेत, सायेब."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हंजे वरून! पोलाद तुमचंच. कापतानी वाया जाऊ देलं नाई, त्यात निंघाल्या."

"मी कसं मानू? दुसरं पोलाद मिसळलं असलं तर? टाकी हवेत निखळली, तर वर बसलेला पोरगा जाईल. मी सगळाच माल नाकारतो."

विमानं परवा निघायची होती, आणि पुन्हा साठ पिना करायला वेळ कुणाकडेच नव्हता. आतोबा मात्र ढिम्म. टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "बरोबर बोलले तुम्ही. मंग असं करा. पासष्टच्या पासष्ट एका ठिकानी कालवा, डोये झाकून पाच काढा आन् तोडा. साठ उरतेतच नं?"

इंजिनिअरांनी टेबलावर हात आपटला. "अहो साहेब, मोजून साठ असत्या तर तोडून पाहायची सोयच नव्हती!"

साहेबांनी खरोखरच डोळे मिटून पाच उचलल्या. ताणून तोडायच्या यंत्रावर एकेक चढत गेली. पाचही पिना मागितलेल्या भाराच्या पुष्कळ पुढे जाऊन तुटल्या. दर पिनेला आतोबा डोळे मिटून घेत, स्वतःचं बोट मोडल्यासारखे. उरलेल्या साठांवर नव्यानं नंबर पडले, साहेबांनी सही केली आणि बजावलं, "मिस्त्री, पुढच्या खेपेला ऑर्डरच पासष्टची देतो."

"हाव," आतोबांनी मान डोलावली, "सत्तर आनतो."

विमानं वेळेवर गेली. लढाई झाली, थांबली. आतोबांचं दर पत्रात एकच, आपली सहाही आली काय? एक आलं नव्हतं. मी लिहिलं, आली.

दिवाळीत वरवटला गेलो. आतोबा वाफ्यात पाणी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "पत्रात खोटं लिहलं नं बे तुनं? लढाईतून सहाच्या सहा कदी येतेत काय?"

मी घाईघाईनं सांगू लागलो, की दोष पिनांचा नव्हता, विमानाला तोफेचे गोळे लागले होते, टाक्या शेवटपर्यंत...

"पिनीचं कोन इचारून राह्यलं? ते मले ठाऊकच हाय." ते वाफ्यातच खाली बसले. "पोरगं कोनाचं होतं?"

मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. कारखान्यात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलंच नव्हतं. आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या पोराचं नाव विचारलं नाही, याची लाज मला अजून वाटते.