किसाकूच्या ओमोतोची पांढरी रेघ

मिकावाच्या डोंगराकडच्या आमच्या गावात किसाकू नावाचा कौलं शाकारणारा होता. हात सोन्याचा, पण नजर कावळ्याची. छपरावर चढला की आधी चार अंगणं न्याहाळणार, मगच कौलाला हात घालणार.

त्याचं कारण त्याच्या घरचा ओमोतो. ओमोतो म्हणजे नुसती पानं, जाड आणि काळपट हिरवी. बर्फात गाडली तरी जगतात. किसाकूच्या झाडाला अकराव्या वर्षी पानाच्या कडेने पांढरी रेघ उमटली आणि पुढच्या प्रत्येक पानावर येत राहिली. अशी रेघ पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. ओमोतो जोपासणाऱ्यांच्या मंडळाच्या यादीत झाडाला नवी जात म्हणून नाव मिळावं, एवढीच आता त्याची आस. तेव्हापासून चहाला आलेल्या पाहुण्यालाही, मुळाशी फुटलेलं पिल्लू दडवलं नाही ना हे बघायला, जाताना बाही झटकायला लावावी, असं त्याला वाटे. पानं तो ओल्या फडक्याने स्वतः पुसायचा. बायकोला, तोमेला, फक्त पाणी घालायची मुभा होती.

त्या शरदात कुंडी बदलताना त्याला मुळाशी कापल्याची खूण दिसली. कुणीतरी पिल्लू काढून नेलं होतं आणि जखमेवर कोळशाची पूड लावली होती.

"चोर कशाला पूड लावत बसेल?" तोमे म्हणाली.

"कसबी चोर आहे," किसाकू म्हणाला.

आठवड्याने तो देवळाच्या छपरावर बसला होता. खाली देन्झोचं नवं घर. वसंतातच तो तिथे राहायला आला होता. ओसरीवर एक कुंडी, कुंडीत चार पानं आणि पानांना पांढरी रेघ. किसाकूच्या हातातलं कौल निसटता निसटता राहिलं.

भांडला असता तर तो किसाकू कसला? संध्याकाळी देन्झोकडे गेला, साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाला, "देन्झोसान, मंडळाच्या प्रदर्शनाला तुमचीही कुंडी आणा की." चारचौघांत नाक कापायचं, हा बेत.

प्रदर्शनात मंडळाचे म्हातारे प्रमुख अराकी झाडासमोर बराच वेळ वाकून उभे राहिले. "पान देखणं आहे, किसाकू. पण एका कुंडीला नाव मिळत नाही. दुसऱ्याच्या मातीत, दुसऱ्याच्या हाताखाली हीच रेघ टिकलेली दाखव."

किसाकूने तर एकही पिल्लू कधी कुणाला दिलं नव्हतं. तेवढ्यात देन्झो कुंडी घेऊन पुढे झाला. रेघ जशीच्या तशी होती.

"ही तुमच्याकडे कशी?" अराकींनी विचारलं.

"चोर" हा शब्द किसाकूच्या ओठांवर आला होता.

"तोमेवहिनींनी दिली," देन्झो म्हणाला. "नव्या घरात सामानाच्या आधी शकुनाचा ओमोतो जायला हवा ना. आमच्याकडे नव्हता. किसाकूसान तेव्हा परगावी कामावर होते. त्यांना ठाऊक असेलच."

सगळे किसाकूकडे बघू लागले. तोमे छताकडे बघत होती.

"ठाऊक आहे," किसाकू म्हणाला. "मीच सांगितलं होतं."

अराकींनी यादीत नाव लिहून घेतलं. लोकांनी किसाकूच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. ते त्याने खाली मान घालून ऐकलं.

घरी परतताना त्याने वाटेतला पूल संपू दिला. मग हळूच म्हणाला, "आणखी कुणाकुणाला दिलंस?"

"कुणाला नाही हो," तोमे म्हणाली, आणि झपझप पुढे चालू लागली. किसाकू मात्र वाटेतल्या प्रत्येक कुंपणापाशी थांबून टाचा उंचावून आत डोकावत राहिला.