तिकडचे सहा दिवे

सोलरचे दिवे कुठले घ्यावेत, असं परवा आमच्या सोसायटीतल्या एका सुनेनं विचारलं, आणि मी तिला अर्धा तास धरून ठेवलं. वरची काच प्लॅस्टिकची घेऊ नकोस, उन्हानं पिवळी पडते. खांब पत्र्याचा नको, स्टीलचा बघ. आतले सेल बदलता येतात ना, ते दुकानातच उघडून पाहा. रस्त्याच्या दिव्याखाली लावू नकोस, त्याला वाटतं अजून दिवसच आहे आणि तो लागतच नाही. ती म्हणाली, काकू, तुम्हाला किती माहिती आहे. माहिती असणारच. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती इथे लिहिते.

आखातातली पहिली अकरा वर्षं आम्ही दुबईत, अल कुसैसला फ्लॅटमध्ये काढली. मग यांची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये गेली, म्हणून आम्ही उम्म अल कुवैनला आलो, एका जुन्या बैठ्या व्हिलात. मला तर हर्ष झाला. फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीची कुंडी ठेवली तर कपडे वाळत घालायला जागा नसायची, आणि इथे चांगलं वीस पावलांचं अंगण! अंगण म्हणजे वाळूच, पण एक बोरीचं झाड होतं. फाटकापासून दारापर्यंत नुसता काळोख, आणि दारापाशी तीन पायऱ्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या. बाहेर दिवे लावायचे तर भिंत फोडून वायर न्यायला हवी. घरमालक म्हातारा अरब होता, माणूस प्रेमळ, दर रमझानला खजूर पाठवायचा. पण भिंतीचं नाव काढलं की हात झटकायचा. ‘नो वायर, हबीबी. खलास.’

म्हणून सोलरचे दिवे. तेव्हा ते नवीनच आले होते. शारजाच्या दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक प्लॅस्टिकचे, वाळूत खुपसायचे, मिणमिणता पिवळा उजेड. दुसरे स्टीलचे, जाड काचेचे, वरची सोलरची पट्टी गडद निळी आणि चांगली तळहाताएवढी. हे इंजिनीयर, त्यामुळे नखानं खरवडून, उलटेपालटे करून बघणं झालं. आणि मग हे म्हणाले, सगळे चांगलेच घेऊ या.

मीच नको म्हटलं. हे मी कुणावर ढकलू शकत नाही. मी म्हटलं, “अहो, इथे आपण चार दिवसांचे. चांगलं ते तिकडे लागू दे.”

तिकडे म्हणजे पुण्याला. आमच्या रो हाऊसला. ते रो हाऊस तेव्हा बिल्डरच्या कागदावर होतं, आणि माझ्या डोळ्यासमोर. आठ प्लॅस्टिकचे इथल्यासाठी घेतले आणि सहा स्टीलचे तिकडच्यासाठी.

आखातात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरी एक ‘तिकडची’ जागा असते. कुणाचा पलंगाखालचा खण, कुणाचं कपाट. आमच्याकडे व्हिला मोठा म्हणून अख्खी खोली होती. डिनर सेट, मिक्सर, जाड चादरी, थर्मास, सगळं खोक्यात बंद. आम्ही मात्र टवके उडालेल्या बशीत जेवायचो. मुलगी एकुलती एक, तिथेच वाढलेली, ती त्या खोलीला म्युझियम म्हणायची. नवीन कुणी आलं की दार उघडून दाखवायची, ‘प्लीज डू नॉट टच.’ आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे.

त्या आठ दिव्यांचं मात्र मी मनापासून केलं, हं. समुद्र जवळ, त्यामुळे पहाटे दव पडायचं, त्यात वाळू मिसळून पट्टीवर चिखलाचा थर बसायचा. एक दिवसाआड ओल्या फडक्यानं आणि मग लगेच कोरड्यानं पुसायचं, नाहीतर क्षाराचे डाग राहतात. सेल बसतात तिथे हिरवट गंज चढायचा, तो लिंबाची फोड लावून, जुन्या टूथब्रशनं घासून काढायचा. बोरीची सावली फिरेल तसे दिवे उपटून पुन्हा उन्हात रोवायचे. शेजारची मल्याळी बाई म्हणायची, मुलाला आंघोळ घालावी तशी तुम्ही दिव्यांना घालता. दिवस मावळताना मगरिबची बांग झाली की ते एकेक करून लागायचे. मुलगी पायरीवर बसून मोजायची.

दोन उन्हाळ्यांत त्यांच्या काचा पिवळ्या झाल्या. सेल बदलले तरी अर्ध्या तासात विझायला लागले.

तेव्हा मुलगी बारावीला होती. ऑगस्टमध्ये कॅनडाला शिकायला जाणार हे ठरलं होतं. त्या आधीच्या हिवाळ्यात तिनं एकच गोष्ट मागितली. शाळेतल्या मैत्रिणींना एका संध्याकाळी अंगणात बोलवायचं होतं, शेवटचं म्हणून. सगळ्यांची पांगापांग होणार होती. बोरीखाली सतरंजी, भेळ, आणि फाटकापासून दारापर्यंत ते सहा दिवे. फक्त एका संध्याकाळसाठी. नंतर मी पुसून परत खोक्यात ठेवीन, म्हणाली.

मी म्हटलं, ते तिकडचे आहेत. एकदा वाळूत रोवले की नवेपणा गेला.

तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, “आई, नोबडी लिव्ज देअर. आय लिव्ह हिअर.”

मी म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस. तिचे बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, दे ना गं. मी त्यांनाही गप्प केलं.

मुली आल्या. फाटकाशी तिचे बाबा बॅटरी घेऊन उभे, प्रत्येकीच्या पायाशी उजेड पाडत, “बेटा, सांभाळून, तिसरी पायरी उंच आहे.” अंगणात मी चार्जिंगचा इमर्जन्सी लॅम्प लावला होता. त्याचा पांढराफट्ट उजेड, त्यावर किडे, सगळ्यांचे चेहरे आजारी माणसासारखे. एक मुलगी म्हणाली, अंकल थिएटरमधले डोअरकीपर दिसतात. सगळ्या हसल्या. आमचीही हसली. भेळ संपली, आठाच्या सुमाराला गाड्या आल्या, मुली गेल्या. सतरंजी तिनं स्वतः झटकून घडी घातली.

त्यानंतर जाईपर्यंत तिनं माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मला वाटलं, शहाणी झाली.

बिल्डरनं रखडवत रखडवत ताबा दिला, तोवर ती जाऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही नोकरी संपवून सामान कार्गोनं पुण्याला पाठवलं. ते आठ जुने दिवे तिथेच वाळूत ठेवले, कोण नेणार. निघताना शेवटच्या संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर त्यातले तीन लागले होते.

पुण्यात पहिलं खोकं मी दिव्यांचंच उघडलं. सहाच्या सहा चकचकीत, ओरखडासुद्धा नाही. दारापुढच्या वाफ्यात एका ओळीत रोवले. संध्याकाळी खुर्ची टाकून बसले. एकही लागला नाही. ऊन कमी पडलं असेल म्हणून तीन दिवस थांबले. मग यांनी स्क्रू काढले. आत सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती, तारांच्या टोकांपर्यंत सगळं खाऊन टाकलेलं. नवे सेल घालून पाहिले. लिंबू लावलं. काही नाही. हे म्हणाले, असे सेल न वापरता बंद खोलीत, त्या उकाड्यात ठेवले की मरतात. रोज लावले असते तर टिकले असते. हे माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारणार होते. पण त्यांनी “दे ना गं” म्हटलं होतं, ते मला आठवलं.

पुढच्या वर्षी मुलगी आली, दहा दिवसांसाठी. तिची खोली मी लावून ठेवली होती, पलंग, टेबल, भिंतीला तिच्या आवडीचा रंग. तिनं बॅग कपाटात रिकामी केलीच नाही. खालीच उघडी ठेवून त्यातून कपडे काढायची. फोनवर कुणाला तरी सांगत होती, आय ॲम ॲट माय पेरेंट्स प्लेस.

दारापुढे ते सहा दिवे उभेच होते, शोभेला. तिनं येताना पाहिले असणार.

मी तिच्यासाठी जाड चादर काढली, ‘तिकडची’, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतली. पिशवी फाडायला घेतली तर तिनं माझा हात धरला. जन्मभर मी मराठीत बोलले आणि तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. तेव्हा मात्र मराठीत बोलली, अगदी प्रेमानं, मला समजावत.

“राहू दे गं आई. नवी कशाला काढतेस? मी इथे चार दिवसांची.”

आणि बॅगेतून स्वतःची शाल काढून ती तिनं पलंगावर अंथरली.