गजरभाऊंनी वाचून बघितलं होतं

गजरभाऊंचा स्वतःच्या हातांवर काडीचाही विश्वास नव्हता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत. क्रांती चौकात पाटी वाचून बसमध्ये चढत आणि वर कंडक्टरला विचारत, "खुलताबादचीच ना?" आम्ही शेंद्र्याच्या कंपनीतले लोक त्यांना हसायचो. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

लशींच्या फ्रिजचं तापमान नोंदवणारं यंत्र आम्ही बनवायचो. बॅटरी वाचावी म्हणून ते झोपायचं आणि दर तासाला त्याच्यातली घड्याळाची चिप गजर देऊन त्याला उठवायची. त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे तेवढ्याच कामाचा प्रोग्रॅम, भाऊंनी लिहिलेला. म्हणून ते गजरभाऊ.

चिप मोठी खोडसाळ होती. नेमका सेकंद उलटताना गजराची वेळ लिहिली, तर कधीकधी ती गिळून टाकायची आणि वर सगळं ठीक असल्याचं कळवायची. म्हणून भाऊंचा ड्रायव्हर लिहिलेली वेळ परत वाचायचा, जुळली नाही तर पुन्हा लिहायचा, मगच यंत्राला झोपू द्यायचा. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं होतं.

"मॅडम, लावला म्हणून लागला असं नाय," ते म्हणाले. "झोपणाऱ्याला काय कळतंय, त्याला कुणी उठवणार हाय का नाय ते?" मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मॅडमच म्हणायचे.

आमच्या मॅनेजरसाहेबांनी बॅटरी किती टिकेल याबद्दल गिऱ्हाइकाला तोंडाला येईल ते सांगून ठेवलं होतं. परत वाचण्यात यंत्र जास्त वेळ जागं राहून बॅटरी खायचं, म्हणून भाऊ रजेवर गेले तेव्हा साहेबांनी मला ड्रायव्हरमधल्या त्या वाचून बघायच्या ओळी काढायला लावल्या. मी काढल्या. भाऊंना एक फोन करायला काय धाड भरली होती मला? अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका गावच्या दवाखान्यातलं यंत्र झोपलं ते उठलंच नाही. फ्रिज बंद पडल्याचं कुणाला कळलं नाही, लहान मुलांच्या लशी फेकाव्या लागल्या. मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर ड्रायव्हरची फाईल उघडली. वर भाऊंचं नाव. कोणी काय बदललं याची नोंद तिथंच होती, पण ती उघडायची तसदी एकाही शहाण्यानं घेतली नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरची तर माशीही हलली नाही. मी टेबलाकडं बघत बसले.

"नाव माझंच हाय," भाऊ म्हणाले आणि त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी मी त्यांना क्रांती चौकात गाठलं, ओळी मी काढल्याचं सांगितलं.

"ठाऊक हाय. नोंद वाचून बघितली व्हती, मीटिंगच्या आधीच."

माझं डोकंच फिरलं. मग गप्प का बसलात, म्हणून मी भर रस्त्यात त्यांच्यावरच ओरडले. तेवढ्यात बस आली.

"तुम्ही बोलताय का, ते बघत व्हतो," ते म्हणाले आणि चढले. त्या दिवशी त्यांनी कंडक्टरला काही विचारलं नाही.