तिवरांतलं कोमट पाणी

भुतंखेतं, करणी, बाहेरची बाधा... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी चहाचा कप उचलून गॅलरीत जातो. अंजूरच्या रस्त्यावर उतारा दिसला तर बाइक वळवून न घेता सरळ त्याच्यावरून नेणारा मी माणूस. बायको चिडते. चिडू दे. खालचं वाचून मला कोणी घाबरट म्हटलं तरी चालेल, पण थापाड्या म्हणू नका... एवढीच विनंती.

मी भिवंडीत एका सोसायटीच्या स्विमिंग पूलवर कोच आहे. पाण्याचं तापमान हे माझं रोजचं काम. सकाळी ग्रुपवर आकडा टाकावा लागतो, कारण थंडी पडली की मेंबर लोक आधी आकडा विचारतात आणि मग आजारी पडतात. त्यांना वाटतं पाणी म्हणजे पाणी, सगळीकडे सारखंच. तसं नसतं. मे महिन्यात आमच्या खाडीचं पाणी छातीशी ऊन आणि पायाशी गार असतं. पावसाळ्यात त्याला अशी ओढ असते की पट्टीच्या पोहणाऱ्यानंही उतरू नये. आणि पौषात विहिरीचं पाणी कोमट लागतं, पण खाडीचं अंगाला चावतं. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधून लहानपणी त्यांनीच मला खाडीत ढकललं होतं.

बाबा आता सत्तरीच्या पुढचे. आमच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, भाडं येतं, घरात काही कमी नाही. तरी त्यांनी होडी विकली नाही. गेल्या पौषात घरात सगळ्यांनी बजावूनही दुपारी जेवून ते एकटेच जाळं टाकायला गेले. चारच्या सुमाराला माझा चुलत भाऊ जयेश याचा फोन आला.

"दादा, काकांची होडी मिलाली. रिकामी हाय. तू ये पयला."

मी पूलवरून तसाच निघालो. दोरीचा थर्मामीटर गळ्यात होता, तो काढायचंही सुचलं नाही. जयेशच्या इंजिनाच्या होडीतून आम्ही काठाकाठानं हाका मारत फिरलो. उत्तर नाही. माझ्या डोक्यात नको तो हिशेब चालू होता. या दिवसांत खाडीचं पाणी म्हणजे काही बर्फ नाही, मुलं त्यात खेळतातही. पण बाबांसारख्या हडकुळ्या म्हाताऱ्याचे हातपाय काही तासांत गळतात. त्यात भरती चढत होती आणि ऊन उतरलं होतं. खोटं कशाला सांगू, मी मनातून बाबांना सोडून दिलं होतं.

मग जयेशला तिवरांच्या आत पांढरा सदरा दिसला. झाडी दाट, होडी आत जाईना. मी उडी मारली. पाणी इतकं गार की श्वासच अडकला. दहा-बारा हात मारले असतील... आणि एकदम पाणी कोमट झालं. सावलीतून उन्हात पाऊल टाकावं, तसं. वर नाही, खाली नाही, सगळ्या अंगाभोवती. पोहणाऱ्याची सवय म्हणा, मी थर्मामीटर बुडवला आणि वर धरला. एकवीस. बाहेरच्या पाण्याचा आकडाही तेवढाच असणार होता. पण माझ्या अंगाला ते तापवलेल्या पाण्यासारखं लागत होतं.

बाबा समोरच होते. छातीपर्यंत पाण्यात, उभे, डोळे मिटलेले. मी खाली पाय सोडला तर तळ लागला नाही. माझी उंची बाबांपेक्षा जास्त आहे. त्यांनी फांदी धरली नव्हती, हात दोन्ही बाजूंना मोकळे होते. सदरा कुठे अडकला असेल म्हणून मी पाठीमागून हात फिरवला. कुठेच अडकलेला नव्हता. मी त्यांना धरलं, तेव्हा कुठे त्यांचं वजन माझ्यावर आलं. तोवर ते कोणावर होतं, हे मला माहीत नाही.

होडीत घेतल्यावर त्यांनी डोळे उघडले. तळवे ऊन, ओठ जिवंत माणसाचे. मला रडू फुटलं. ते मात्र माझ्याकडे बघतच नव्हते, तिवरांकडे बघत होते.

"त्याला घे," ते म्हणाले.

"कोणाला, बाबा?"

"माज्या मागं हाय त्यो. मला धरून व्हता. त्याला घे, गारठंल त्यो."

"काका, थितं कोन न्हाय," जयेश म्हणाला.

बाबा होडीतून परत उतरायला लागले. त्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे, जयेशला आवरेनात. शेवटी त्यांची समजूत पटावी म्हणून मीच पुन्हा पाण्यात गेलो. त्याच जागेवर, त्याच झाडांत. पाणी गार होतं. सगळीकडे, सारखं गार. मी पायांनी चाचपलं, बुडी मारून हातांनी शोधलं. चिखल आणि मुळं, दुसरं काही नाही.

"कोणी नाही, बाबा," मी येऊन सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि लहान मुलासारखे हुंदके देत राहिले.

दवाखान्यात त्यांचं तापमान नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, अति गारठल्यावर मेंदू फसतो, माणसाला उकडायला लागतं. ठीक आहे, तापमान नॉर्मल असूनही बाबांचं मानलं. पण मी पाण्यात उतरून मिनिटभरही झालं नव्हतं. यावर डॉक्टर म्हणाले, तुम्ही घाबरला होता. होतोच. पण घाबरून पाणी तापत असतं, तर आमच्या पूलवर शिकाऊ लोकांच्या बॅचला हीटर लागला नसता.

कोण होता, हे मी बाबांना खूपदा विचारलं. "तोंड नाय बघितला. हात व्हते, ऊन ऊन," एवढंच सांगतात. पण त्याला आपण तिथे टाकून आलो, हे त्यांच्या मनातून जात नाही. घरी आल्यापासून ते रोज सकाळी मला खाडीवर पाठवायचे आणि परतलो की विचारायचे, "पानी कसा हाय?" मी खरं सांगायचो, गार आहे. मग ते ताट सरकवून ठेवायचे. अंगावरचं मांस उतरायला लागलं. एके दिवशी मला ते बघवेना. म्हटलं, "कोमट आहे, बाबा."

"म्हंजे हाय त्यो," ते म्हणाले, आणि त्या दिवशी भाकरी पोटभर खाल्ली.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. तिवरांतल्या त्या पाण्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि कोणी सांगितला तर पटेल असंही वाटत नाही. रोज सकाळी मी काठापर्यंत जातो, थोडा वेळ उभा राहतो, घरी येऊन कोमट आहे म्हणून सांगतो. पाण्यात हात घालत नाही. गार लागलं, तर मी बापाशी खोटं बोलतोय. आणि कोमट लागलं, तर तो अजून तिथेच आहे, एकटा... आणि मी त्याला तसाच सोडून रोज घरी येतोय.