पोचल्याचा फोन

प्रिय अबीर आणि तन्वी,

परवा व्हिडिओ कॉलवर अबीरने विचारलं, "आजी, मम्मा राखीव म्हणजे ती हरली ना?" तेवढ्यात नेटवर्क गेलं. तो प्रश्न तिच्या कानावर जाण्याआधी उत्तर पोचावं, म्हणून आजच लिहिते.

तुमची मम्मा, माझी अनघा, अकोल्याहून पहिल्यांदा निघाली ती मुंबईला, कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करायला. गाडी हलली तरी तुमचे आजोबा खिडकीतून तिला पाण्याची बाटली देत होते. घरी आल्यावर मी सवयीने झाडू उचलला, तशा माझ्या सासूबाई ओरडल्या, "ठेव थो! पोरगी पोचली नाई अजून, अन् तू झाडून राहिली?" माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. अमरावतीला माझ्या माहेरीही हीच रीत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, घरात कागदाचा कपटा न खपणारी. तरी झाडू ठेवला.

पुढे ती परदेशी गेली. वजन नसलं की कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेच्या बशीत सपाट न पसरता गोळ्यासारख्या वाढतात, शरीरात वाढतात तशा. म्हणून तिने आपल्या प्रयोगाच्या पेशी अंतराळ स्थानकावर पाठवल्या. तिथे त्या दुसऱ्यांनी हाताळल्या. मग तिला वाटलं, आपणच का जाऊ नये? अर्ज केल्याचं कळलं तेव्हा आजोबा म्हणाले, "आता पोचल्याचा फोन कुठून करशील वं?" निवड व्हायच्या आधीच ते गेले.

निवड झाली, पण राखीव म्हणून; जाणार होती दुसरी. राखीव म्हणजे सगळं शिकायचं, सूटही शिवून घ्यायचा, आणि त्या दुसरीला साधा ताप येतो का याची वाट न पाहता वाट पाहायची. देवापुढे मी काय मागणार? ती जावी म्हणू, की राहावी?

उड्डाणाच्या सकाळी तिचा फोन आला. "आई, ती गेली. मी खालीच आहे." आवाज अगदी नीट होता. लहानपणी पडली की असाच नीट बोलायची.

कामाला येणाऱ्या सुमनला मी म्हटलं, "आज झाडू नको."

"काहून? ताई तं खालीच हाये ना?"

"दुसरीची लेक गेलीय."

"मंग तिच्या मायले सांगा ना!"

"तिच्या आईला कुठली ही रीत माहीत?"

"मंग आपल्यालेच पाळा लागंन," सुमन म्हणाली आणि झाडू दाराआड ठेवून भांड्यांना लागली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "आई, पोचली ती. माझ्या पेशींची पेटी तिच्याजवळ आहे. आता झाड घर." मग ती रडली. मी फोन धरून बसले. इतक्या लांबून आईला एवढंच करता येतं.

अबीर, जी दुसरीला पोचवून येते, ती हरलेली नसते. पण तिला त्या दिवशी जवळ घ्यावं लागतं, आणि तिथे तुम्ही आहात, मी नाही.

अकोल्याच्या घरून आता कोणी कुठे जात नाही. तुम्ही शाळेच्या सहलीला निघालात तरी मला कळवत जा. पोचल्याचा फोन येईपर्यंत इथे अजूनही झाडू लागत नाही.

तुमची आजी